तळ्यावरचा पहारा

उत्तर घानातल्या दागोंबा लोकांच्या गावात पाहुणा आला की सगळ्यात आधी त्याच्या हातात पाण्याचा तुंबा येतो. मातीच्या गोल खोल्या, त्यांना जोडणारी भिंत आणि मधे अंगण, असं इथलं घर असतं. अंगणात बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग विचारपूस सुरू करायची. घरचे कसे आहेत, शेत कसं आहे, वाटेत त्रास झाला का, हे सगळं होईपर्यंत कामाचा विषय काढायचा नाही. पाणी नको म्हणणं म्हणजे घराचा अपमान.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं, या पाण्यातून नारू होण्याची भीती असे.

साठी ओलांडलेल्या मराठी वाचकाला नारू वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या आपल्या गावांमध्येही तो होता. भारतात १९८३-८४ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा रोग असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. त्यामुळे तरुण वाचकाला हा रोग ठाऊक नसणार, आणि ते बरंच आहे. पण रोग कसा होतो हे कळल्याशिवाय त्याच्याशी लढणाऱ्या गावच्या स्वयंसेवकाचं काम कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे टाचणीच्या टोकाएवढे जीव असतात. ते नारूच्या जंताच्या अळ्या गिळतात. असं पाणी माणूस प्यायला की सायक्लॉप्स जठरात मरतात, अळ्या मात्र जगतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. नर-मादीचं मीलन झाल्यावर नर मरतो. मादी वाढत राहते, हातभर किंवा त्याहूनही लांब होते, शेवयीसारखी बारीक आणि पांढरी. साधारण वर्षभर माणसाला काहीच जाणवत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, आग आग होते. माणूस थंडावा मिळावा म्हणून पाय पाण्यात घालतो, आणि नेमकं तेच मादीला हवं असतं. फोड फुटतो, ती लाखो अळ्या पाण्यात सोडते आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

याला लस नाही, औषध नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढून काढायचं, हा एकच उपाय हजारो वर्षं चालत आलेला आहे. घाईने ओढलं आणि आत तुटलं, तर जखम चिघळते. माणूस आठवडेच्या आठवडे, कधी महिनाभराहूनही जास्त जायबंदी होतो. १९८७ साली आग्नेय नायजेरियातल्या भातशेतीच्या पाहणीत या एका रोगामुळे वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरचं नुकसान होतं असा हिशेब निघाला होता. माणसं नारूने मरत नव्हती, पण पेरणी-कापणीच्या दिवसांत अंथरुणाला खिळत होती.

१९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख लोकांना दरवर्षी नारू होत असे. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने हा रोग जगातून घालवायचं काम हाती घेतलं. त्यामागचं डोकं होतं डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स यांचं. सिएरा लिओनमध्ये देवीच्या निर्मूलनाचं काम करून आलेला हा माणूस. औषधावाचून रोग संपवायचा तर वागणूक बदलावी लागणार, आणि दुर्गम गावांतल्या लोकांची वागणूक राजधानीतून कोणी बदलू शकत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. घानात १९८९ साली गावोगाव शोध घेतला तेव्हा सुमारे १ लाख ८० हजार रुग्ण निघाले, साडेसहा हजारांहून जास्त गावांत. इतक्या गावांना डॉक्टर कुठून आणणार? आणि डॉक्टर येऊन करणार काय, काडी गुंडाळायची?

म्हणून प्रत्येक गावातून एक माणूस स्वयंसेवक म्हणून निवडला गेला. बहुतेक वेळा तो शेतकरीच असे. कोनफळाच्या जातीचा मोठा कंद म्हणजे याम, मका, ज्वारी-बाजरी, भुईमूग असं पिकवणारा. निवड गावाने करायची, मुख्याच्या संमतीने. पगार नाही. कधी टी-शर्ट, कधी साबणाची वडी, प्रशिक्षणाच्या दिवशी जेवणभत्ता, बस एवढंच. हाताशी दिलेलं सामान एका पिशवीत मावणारं: पट्टी, जंतुनाशक, मलम, गाळणीची कापडं, चित्रांचा संच आणि एक वही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी वहीतही चित्रंच.

अशा माणसाला भेटायला जायचं तर थेट त्याच्या घरी जाता येत नाही. आधी गावच्या मुख्याकडे जायचं. उत्तर घानात मुख्याचं आसन म्हणजे कातडं. तो त्यावर बसतो आणि त्याच्या पदालाही तेच नाव आहे. आधी त्याच्या कारभाऱ्यापुढे बसायचं, भेट म्हणून कोलाच्या बिया ठेवायच्या, कशासाठी आलो ते सांगायचं. कारभारी ते मुख्याला सांगतो, जरी मुख्या दोन हातांवर बसून सगळं ऐकत असला तरी. शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला यात वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. माझ्या मते हा सगळ्यात सत्कारणी लागलेला वेळ असतो. ज्या मोहिमेत लोकांना पाणी कसं प्यायचं हे सांगायचं आहे, तिथे मुख्याने सगळ्यांदेखत मान डोलावली की स्वयंसेवकाचं निम्मं काम झालं. आणि मुख्याच रुसला, तर वही कोरी राहते.

मग स्वयंसेवकाच्या अंगणात. पुन्हा पाणी येतं. इथे पाहणाऱ्याने एक गोष्ट बारकाईने बघायची असते: पाणी ज्या रांजणातून काढलं, त्याच्या तोंडावर गाळणी बांधलेली आहे का? गाळणी म्हणजे सुती कापडाच्या मधोमध शिवलेली नायलॉनची बारीक जाळी. त्या जाळीतून सायक्लॉप्स जात नाहीत. पण तिची एक खोड आहे. एकदा वापरलेली गाळणी पुढच्या वेळी उलटी बांधली, तर जाळीवर अडकलेले जीव सरळ रांजणात पडतात. म्हणून कुठली बाजू वर ते कापडावरूनच ओळखू यायला हवं, आणि एक बारीकसं भोकही चालत नाही. शेतावर जाणाऱ्यासाठी गळ्यात अडकवायची नळी असे, एका टोकाला जाळी बसवलेली. तळ्यात टोक बुडवायचं आणि ओढून प्यायचं. साधी नळी, पण शेतमजूर, गुराखी आणि प्रवासी या तिघांचं पाणी तिने सोडवलं.

स्वयंसेवकाचं खरं कौशल्य दिसतं ते मात्र दारोदार फिरताना. रोग हंगामी आहे. उत्तर घानात पावसाळा संपून तळी आटू लागली की पाणी कमी, सायक्लॉप्स दाट आणि नारू बाहेर पडायचे महिनेही हेच. या दिवसांत त्याने रोज, निदान दर एक-दोन दिवसांनी, प्रत्येक घरी जाऊन विचारायचं की कोणाला फोड आला आहे का, कोणाच्या पायाची आग होते आहे का. नियम चोवीस तासांचा होता. नारूचं टोक बाहेर पडल्यापासून चोवीस तासांच्या आत रुग्ण सापडला पाहिजे, त्याने तळ्यात पाय घातलेला नसला पाहिजे, आणि जखम धुऊन पट्टी बांधली गेली पाहिजे. एवढं जमलं तरच तो रुग्ण 'रोखला' असं धरलं जाई. जखम धुवायची रीतही ठरलेली: पाय बादलीत बुडवून अळ्या बादलीतच सोडायला लावायच्या, आणि ते पाणी तळ्यापासून लांब कोरड्या जमिनीवर ओतायचं. मग टोक हळूच ओढून काडीवर किंवा गॉजवर गुंडाळायचं. मूल असलं तर आई त्याला धरून ठेवते आणि सगळं अंगण त्याचं रडणं ऐकतं. शिकाऊ परिचारिकेलाही अवघड जावं असं हे काम शेतकरी करत होता.

त्याहून अवघड होतं पटवणं. पाणी प्यायलं आज आणि नारू बाहेर पडला वर्षाने, मग या दोहोंचा संबंध कोणाला कसा दिसणार? रक्तातच हा दोष असतो, करणी केली, पूर्वजांचा कोप झाला, ही स्पष्टीकरणं लोकांच्या हाताशी होती आणि ती पाण्याच्या गोष्टीपेक्षा जास्त सयुक्तिक वाटत होती. यावर एक साधा उपाय होता: काचेच्या बाटलीत तळ्याचं पाणी घ्यायचं आणि उन्हापुढे धरायचं. पांढरे ठिपके झटके देत हलताना दिसतात. मग तेच पाणी गाळून पुन्हा दाखवायचं. व्याख्यानाने जे झालं नाही ते या बाटलीने अनेक ठिकाणी केलं. तळ्यात औषध टाकण्याला मात्र विरोध होई. ते औषध म्हणजे टेमेफॉस, ॲबेट या नावाने विकलं जाणारं. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे आरोग्य कर्मचारी पाण्याच्या टाक्यांत टाकतात तेच. काही गावांत तळं देवाचं असे, त्यात काही टाकणं म्हणजे पाप. काहींना ते विष वाटे. अशा वेळी बाहेरून आलेला तंत्रज्ञ हात चोळत बसे आणि गावचा माणूस आधी स्वतः ते पाणी पिऊन दाखवे.

हे सगळं ऐकून वाटेल की नारू भराभर हटला असेल. सुरुवातीला हटलाही. देशाचे प्रमुख जेरी रॉलिंग्ज १९८८ मध्ये स्वतः उत्तरेतल्या गावोगाव फिरून पाणी गाळून प्या म्हणून सांगत होते. १९९४ पर्यंत रुग्णसंख्या साडेआठ हजारांच्या आत आली. आणि तिथे गाडी रुतली. २००३ सालीसुद्धा आकडा आठ हजारांच्या पुढेच होता. त्या नऊ वर्षांत इतर देश घानाला मागे टाकून गेले, आणि एके काळी नारूविरोधातला आदर्श म्हणवला गेलेला हा देश नामुष्कीचा विषय झाला.

कारणं एकाहून जास्त होती. १९९४ मध्ये उत्तर भागात कोंकोंबा आणि शेजारच्या जमातींमध्ये भीषण दंगली झाल्या, गावंच्या गावं जळाली, माणसं विखुरली, स्वयंसेवकही त्यांच्याबरोबर गेले. पण दंगली थांबल्यावरही आकडा हलेना. मला वाटतं मुख्य कारण कंटाळा. रुग्ण हजारांच्या घरात असताना गाव जागं असतं. वर्षाला दोन-तीन रुग्णच उरले की घरोघर फिरणाऱ्या माणसाकडे लोक 'हा पुन्हा आला' अशा नजरेने बघू लागतात. त्याच्याही डोळ्यांपुढे स्वतःचं शेत असतं. वरून मोटारसायकलवर येणारा पर्यवेक्षक दोन महिन्यांत फिरकला नाही, की वहीतले शून्य खरे आहेत की बसल्या जागी भरलेले आहेत हे कोणालाच कळत नाही.

आणखी एक चूक उशिरा लक्षात आली, आणि ती लक्षात यायला इतका वेळ का लागला हे मला अजून कोडं वाटतं. स्वयंसेवक जवळपास सगळे पुरुष होते. पाणी मात्र भरत होत्या बायका आणि मुली. रांजण त्यांचा, गाळणी त्यांची, धुवायची-वाळवायची त्यांनीच. फाटलेली गाळणी बघायला परका पुरुष घराच्या आतल्या भागात शिरणार कसा? २००० नंतरच्या वर्षांत घाना रेडक्रॉसच्या महिला मंडळांमधून हजारो बायका या कामात आल्या. शेजारणीच्या रांजणावर नजर टाकायला त्यांना परवानगी लागत नव्हती. त्या तशाही रोज तळ्यावर भेटतच होत्या.

तरीही शेवटचा दणका बसला तो खेड्यात नाही, शहरात. उत्तर घानातलं मुख्य शहर असलेल्या तमालेच्या उत्तरेला, तासाभराच्या आतल्या अंतरावर, सावेलुगू नावाचं गाव आहे. गाव म्हटलं तरी चांगलं मोठं, रस्त्यावरचं. तिथला नळपाणीपुरवठा बंद पडला आणि लोक पुन्हा जुन्या तळ्याकडे वळले. २००६-०७ च्या कोरड्या ऋतूत तिथे शेकडो रुग्ण निघाले. फेब्रुवारी २००७ मध्ये कार्टर स्वतः सावेलुगूच्या रुग्णालयात आले, तेव्हा तिथे पट्ट्या बांधलेल्या मुलांची रांग होती. घानाच्या नारू कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू सेदू कोरकोर यांच्या नेतृत्वाखाली मग जी धडक मोहीम झाली तिचं वर्णन एका वाक्यात करता येईल: तळ्यांवर पहारेकरी बसवले. नारू बाहेर पडलेल्या माणसाने पाण्यात पाय घालायचा नाही, हे बघायला तळ्याच्या काठावर रोज गावचंच कोणीतरी बसलेलं. रुग्णांना बरं होईपर्यंत ठेवून घ्यायला खास केंद्रं काढली. तिथे जेवण मिळे, त्यामुळे माणसं पाय लपवत नव्हती. रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस. सत्तरच्या दशकात आपल्याकडे भिंतीभिंतींवर देवीचा रोगी कळवण्यासाठी हजार रुपयांचं बक्षीस रंगवलेलं असे, तीच युक्ती.

२००७ मध्ये तीन हजारांवर, २००८ मध्ये पाचशेच्या आसपास, २००९ मध्ये अडीचशेच्या आत, २०१० मध्ये आठ. त्यानंतर एकही नाही. तीन वर्षं शून्य राहिल्याची छाननी होऊन जानेवारी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घानाला नारूमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. आता जगभरात माणसांमधले रुग्ण वर्षाला दहा-पंधरा असतात. चाडमध्ये तो कुत्र्यांमध्येही पसरल्यामुळे शेवटचा टप्पा लांबला आहे, पण ती वेगळी गोष्ट.

या यशाचा मोह असा की गावचा बिनपगारी माणूस सगळं करू शकतो असं वाटायला लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या आरोग्यखात्यांना हा मोह पुष्कळदा झाला, आणि त्याची परीक्षा घानानेच घेतली. देशाच्या उत्तर टोकाला नाव्रोंगो आहे. तिथल्या आरोग्य संशोधन केंद्राने १९९४ पासून एक प्रयोग केला. काही भागांत गावात राहणारी प्रशिक्षित परिचारिका दिली, काही भागांत फक्त स्वयंसेवक, काही भागांत दोन्ही आणि काही भागांत नेहमीचीच व्यवस्था. परिचारिका गावात राहिली तिथे बालमृत्यू झपाट्याने घटले. नुसते स्वयंसेवक दिले तिथे ते घटले नाहीत. तापाने फणफणलेलं मूल आधी स्वयंसेवकाकडे नेण्यात वेळ गेला आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. याच प्रयोगावरून घानाने गावोगाव परिचारिका राहायला पाठवण्याचं धोरण १९९९ मध्ये देशभर स्वीकारलं.

मग गावचा माणूस काही कामाचा नाही का? तसंही नाही. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'हेल्थ बाय द पीपल' नावाचं एक पुस्तक काढलं. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा-आता परिषदेचा पाया घालणाऱ्या पुस्तकांमध्ये त्याची गणना होते. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या मारादी भागाच्या ग्रामआरोग्य पथकांवर एक प्रकरण आहे, आणि आपल्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडवर दुसरं, डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी लिहिलेलं. जामखेडच्या ग्रामआरोग्यसेविकांमध्ये निरक्षर आणि दलित बायका मोठ्या संख्येने होत्या. पण त्या नियमाने जामखेडला येऊन शिकत होत्या आणि त्यांच्या मागे एक चालतं रुग्णालय उभं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तयार केलेल्या आरोग्यदूत बायका नवजात बाळाला जंतुसंसर्गात इंजेक्शनही देत. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. नाव्रोंगोतला स्वयंसेवक आणि गडचिरोलीची आरोग्यदूत यांच्यातला फरक हुशारीचा नव्हता. एकाला थोडं शिकवून पेटी देऊन सोडलं होतं, दुसरीला कसून शिकवलं होतं आणि तिच्या प्रत्येक नोंदीवर कोणाची तरी नजर होती.

नारूवाल्या स्वयंसेवकाचं काम जमलं ते याच कारणाने. त्याच्याकडे एकच रोग होता, एकच प्रश्न होता आणि चोवीस तासांची मुदत होती. काम आखीव होतं आणि, निदान चांगल्या वर्षांत, दर महिन्याला कोणीतरी येऊन त्याची वही तपासत होतं. वही तपासणं थांबलं तेव्हा रोगही रेंगाळला.

राहिला पगाराचा मुद्दा. नारूची मोहीम स्वस्तात झाली असं अभिमानाने सांगितलं जातं, आणि लस-औषधांच्या खर्चाशी तुलना केली तर ते खरंही आहे. पण त्या हिशेबात शेतकऱ्याने स्वतःची खुरपणी सोडून केलेल्या फेऱ्या कुठे धरलेल्या नाहीत. काही वर्षांची, संपणारी मोहीम असेल तर गाव अशी सेवा देऊ शकतं; आपणही दुष्काळात, पुरात देतो. पण हिवताप, कुपोषण, बाळंतपणं हे संपणारे विषय नाहीत. तिथे वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाला 'स्वयंसेवक' म्हणत राहणं ही काटकसर नाही, फुकट राबवून घेणं आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सामुदायिक आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कामाची जबाबदारी, वेळ आणि प्रशिक्षण यांना साजेसा आर्थिक मोबदला द्या, आणि तो केवळ प्रत्येक कामामागे इतके पैसे अशा हिशेबाने देऊ नका, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. भारतातल्या आशा सेविकांची नेमणूक कागदोपत्री आजही मानधनावरच्या स्वयंसेविका अशीच आहे. पुढच्या वेळी त्या संपावर गेल्याची बातमी वाचाल, तेव्हा या सूचना २०१८ पासूनच्या आहेत, नव्या नाहीत, हे ध्यानात असू द्या.